अश्वगंधा एक्स्ट्रॅक्टच्या दोन डब्या: झोप लागली, पण टीएसएच घसरला

गेल्या 10 जूनपासून मी अश्वगंधा एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूल घेत होते. 300 मिलिग्रॅमची एक सकाळी, एक रात्री, जेवणानंतर. डबीत 60 कॅप्सूल, किंमत 549 रुपये, म्हणजे एक डबी महिनाभर पुरते. दुसरी डबी संपायला आठ दिवस उरले असताना बंद केल्या. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूबद्दल मी एरवी दोन ओळींच्या वर लिहीत नाही. पण या कॅप्सूलखाली 'झोप छान लागते', 'फरक पडला', 'साइड इफेक्ट शून्य' असे शेकडो अभिप्राय आहेत. त्यातला झोपेचा भाग खरा आहे, मी स्वतः अनुभवलाय. साइड इफेक्टचा भाग खरा नाही, तोही मी स्वतः अनुभवलाय, आणि माझ्याकडे त्याचे छापील रिपोर्ट आहेत. म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही, कारण ही गोष्ट एका कंपनीची नाही. अश्वगंधेच्या बऱ्याच डब्यांवर हेच लिहिलेलं असतं आणि हेच लिहायचं राहिलेलं असतं.

मी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, करून 23 वर्षं झाली. वय 48. नऊ वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे, म्हणजे माझी थायरॉइड ग्रंथी तिचं संप्रेरक, थायरॉक्सिन, पुरेसं बनवत नाही. थायरॉक्सिनची 75 मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर आणि अर्ध्या तासाने चहा, हा नेम कधी चुकलेला नाही.

मागच्या मार्चमध्ये माझ्या सासूबाई गेल्या. शेवटचे चार महिने त्या अंथरुणावर होत्या आणि रात्री दोन-अडीचला त्यांची कूस बदलायला, पाणी द्यायला मी उठायचे. त्या गेल्या, पण माझं उठणं काही थांबलं नाही. बरोबर अडीचला डोळे उघडायचे. खोलीत कुणी नाही, हाक नाही, आणि झोपही नाही. लॅब सहाला उघडते, कारण उपाशीपोटीची सॅम्पल्स सकाळीच येतात. तीन महिने मी तीन-साडेतीन तासांच्या झोपेवर लोकांच्या शिरा शोधत होते. एकदा एका आजीबाईंना दोनदा टोचावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला दिवसभर चैन पडलं नाही.

झोपेची गोळी नको होती. बरोबर काम करणाऱ्या मैत्रिणीने अश्वगंधा सुचवली आणि मला ती लगेच पटली, कारण हे नाव घरातलंच. माझी आजी येवल्याकडची. ती अश्वगंधा म्हणत नसे, आस्कंद म्हणायची. पोर अंगाने भरत नसलं की दुधात आस्कंद. बाळंतिणीला अशक्तपणा आला की आस्कंद. चरकसंहितेत बल्य आणि बृंहणीय, म्हणजे ताकद देणाऱ्या आणि शरीर भरून आणणाऱ्या वनस्पतींच्या गणांत अश्वगंधा आहे, हे पुढे कळलं. आजीला ते ठाऊक नसावं, तरी ती वापरत होती नेमकी त्याच कामाला. त्यामुळे डबी मागवताना मी डॉक्टरांना विचारलं नाही. घरचं आहे, विचारायचं काय, असं वाटलं. दुसऱ्या कुणी माझ्यासमोर हेच केलं असतं तर मी तिला लॅबमधूनच परत डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

आता वस्तूबद्दल. डबी चांगली होती, सील नीट, आत ओल धरू नये म्हणून पुडी. कॅप्सूल शाकाहारी, मध्यम आकाराची, गिळायला सोपी. एक उघडून बशीत रिकामी केली. फिकट तपकिरी, मैद्यासारखी मऊ भुकटी. जिभेवर ठेवली तर आधी पिठूळ लागते, मग कडवट, आणि नाकाशी नेली की तो वास येतोच, तबेल्यातला. नावच अश्वगंधा, वास नसता तर मला शंका आली असती. लेबलवर 'मुळांचा अर्क, विथॅनोलाइड्स 5 टक्के' असं लिहिलेलं. विथॅनोलाइड्स म्हणजे या झाडातली मुख्य काम करणारी द्रव्यं. झाडाचं शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा, आणि सोम्निफेरा याचा अर्थच झोप आणणारी.

लेबलवर आणखी एक गोष्ट होती, जी मी दोन महिन्यांनी नीट पाहिली. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी नंबर. म्हणजे ही डबी औषध म्हणून विकली जात नव्हती, खाद्यपदार्थांच्या पूरक आहारात मोडत होती. आयुर्वेदिक औषध म्हणून बनवलेल्या मालावर राज्याच्या औषध खात्याच्या उत्पादन परवान्याचा नंबर असतो आणि 'आयुर्वेदिक औषध' असे शब्द असतात. बाजारात अश्वगंधा दोन्ही वाटांनी येते. गिऱ्हाइकाला दोन्ही डब्या सारख्याच दिसतात, दोन्हींवर हिरवं पान आणि घोड्याचं चित्र. पहिली वाट निवडली की ग्राहकाच्या मनात ती वस्तू हळद-सुंठीच्या रांगेत जाऊन बसते. माझ्या मनात बसली होती.

परिणाम. पहिले दहा दिवस झोपेत काही फरक नाही. पोट मात्र दोन दिवस सैल झालं, कारण सकाळची कॅप्सूल मी नाश्त्याआधी घेत होते. जेवणानंतर घ्यायला लागल्यावर ते थांबलं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस जाग आली ती खिडकीत उजेड पाहून. आधी वाटलं रस्त्यावरचा दिवा असेल. घड्याळात पाच वीस. मी पलंगावर बसून राहिले, काही क्षण कळेचना की काय चुकलंय. अडीच वाजता मी उठलेच नव्हते. त्या सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडू आलं, सासूबाई गेल्यावर पहिल्यांदाच मोकळं असं. त्यानंतर महिनाभर बहुतेक रात्री सहा तास झोप मिळाली. छातीवरचा भार उतरला. दुपारी चिडचिड होत नव्हती. मुलगी म्हणाली, "आई, तू परत गाणी गुणगुणायला लागलीस."

हे मी कमी करून सांगणार नाही. ही झाडाची ताकद आहे आणि ती अभ्यासांतही दिसलेली आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात 64 तणावग्रस्त माणसांना 60 दिवस रोज 300 मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल दिल्या. निम्म्यांना खरा अर्क, निम्म्यांना नुसती दिसायला तशी कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचं संप्रेरक, सुमारे 28 टक्क्यांनी उतरलं, दुसऱ्या गटात सुमारे 8 टक्क्यांनी. 2019 मध्ये निद्रानाशाच्या 60 रुग्णांवर दहा आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यातही अर्क घेणाऱ्यांना लवकर झोप लागू लागली. माझा डोस नेमका हाच होता. फक्त हे अभ्यास लहान आहेत, दोन-अडीच महिन्यांत संपणारे आहेत, आणि अशा अभ्यासांत सहसा इतर औषधं चालू असलेली माणसं घेत नाहीत. माझ्यासारखी, जिच्या उशाशी थायरॉक्सिनची पट्टी आहे, ती त्या 64 जणांत बसली नसती.

सातव्या आठवड्यात जिना चढताना छातीत धडधडायला लागलं. आमची लॅब पहिल्या मजल्यावर, 18 पायऱ्या, 23 वर्षं चढतेय. मग रात्री घाम, पंखा पाचवर असताना. मी ते वयावर ढकललं. पाळी जायचं वय आहे, असं होतंच. वजन दोन किलो उतरलं त्याचं बरंच वाटलं. शेवटी ज्या गोष्टीने मला थांबवलं ती अशी: एका तरुण मुलीच्या दंडाला टर्निकेट बांधून मी सुई हातात घेतली आणि सुईचं टोक थरथरताना पाहिलं. बारीकशी थरथर, तिला दिसलीही नसेल. मी सुई खाली ठेवली, सहकाऱ्याला बोलावलं आणि त्याला सांगितलं, आधी हिचं घे, मग माझं.

प्लेन बल्बमध्ये, म्हणजे साध्या नळीत, माझं रक्त, मग सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून वरचं सिरम वेगळं, मग मशीन. टीएसएच म्हणजे थायरॉइडला 'काम कर' असं सांगणारं संप्रेरक; अंगात थायरॉक्सिन जास्त झालं की ते घसरतं. फेब्रुवारीत माझा टीएसएच 2.6 होता. त्या दिवशी आला 0.14. आमच्या मशीनची खालची मर्यादा 0.4 आहे. फ्री टी-4, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, आला 1.9, वरची मर्यादा 1.8. नाडी 106.

टीएसएच असा अचानक पडलेला दिसला की आम्ही लॅबवाले पहिला प्रश्न विचारतो: केसांच्या गोळ्या चालू आहेत का? त्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व भरपूर असतं आणि काही पद्धतींच्या मशीनवर ते टीएसएच खोटाच कमी दाखवतं. मी काहीच घेत नव्हते. कॅप्सूलच्या डबीवरही बायोटिन नव्हतं. तरी दुसऱ्या लॅबमध्ये, वेगळ्या पद्धतीच्या मशीनवर, पुन्हा केला: 0.17. म्हणजे आकडा खरा होता. थायरॉइडच्या गोळीत बदल नाही, कंपनी तीच, वेळ तीच. नवीन फक्त एकच गोष्ट शरीरात जात होती.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुम्हीसुद्धा?" तेवढंच. रागावले नाहीत. कॅप्सूल त्याच दिवशी बंद करायला सांगितल्या, थायरॉक्सिनचा डोस तोच ठेवला, ईसीजी काढला आणि सहा आठवड्यांनी परत टीएसएच करा म्हणाले, कारण टीएसएचला नव्या पातळीवर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. सप्टेंबरच्या मध्यात आला 1.1. ऑक्टोबरात 2.3. धडधड मात्र तीन आठवड्यांतच गेली होती. एका माणसाच्या अनुभवातून सगळं सिद्ध होत नाही, मला मान्य आहे. पण कॅप्सूल घेताना पडला, सोडल्यावर चढला आणि मधे दुसरं काही बदललं नाही, याला डॉक्टरही संयोग म्हणायला तयार नव्हते.

मग मी शोधायला बसले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सापडला: टीएसएच थोडा वाढलेली, पण अजून गोळी सुरू न झालेली 50 माणसं, रोज 600 मिलिग्रॅम अर्क, आठ आठवडे. अर्क घेणाऱ्यांचा टीएसएच उतरला, थायरॉइडची संप्रेरकं टी-3 आणि टी-4 वाढली. तिथे तो फायदा मानला आहे, आणि त्या माणसांसाठी तो असेलही. माझ्या अंगात मात्र गोळीचं थायरॉक्सिन आधीच पुरेपूर होतं. त्यावर हे आलं आणि भांडं उतू गेलं. 2005 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तर 32 वर्षांच्या, एरवी निरोगी बाईची नोंद केली आहे, जिला अश्वगंधेच्या कॅप्सूलमुळे थायरॉइड वाढल्याची लक्षणं दिसली आणि बंद केल्यावर गेली. ही सगळी माहिती माझी डबी भरली गेली त्याच्या कितीतरी आधीची आहे. माझ्या डबीवर 'गरोदर व स्तनदा मातांनी वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे' एवढी एकच ओळ होती. थायरॉइड हा शब्द कुठेच नव्हता.

मी कंपनीला मेल लिहिला. दोन प्रश्न विचारले: माझ्या बॅचचा तपासणी अहवाल मिळेल का, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांसाठी सूचना का नाही? चार दिवसांनी उत्तर आलं की आमचं उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक असून त्याचे कोणतेही दुष्परिणाम नाहीत, आणि पुढच्या खरेदीवर 15 टक्के सूट. बॅचचा अहवाल आला नाही. मला सूट नको होती. मला त्या डबीवर एक ओळ हवी होती.

आता जे सांगते ते माझं नाही, पण ते आठवल्याशिवाय मला या विषयावर बोलता येत नाही. दीड वर्षापूर्वी एक तिशीच्या आतला मुलगा आमच्याकडे एलएफटीसाठी, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीसाठी, आला होता. व्यायामशाळेत जाणारा, दंड भरलेले. रक्त घेताना सतत दुसऱ्या हाताने पोटरी खाजवत होता. सेंट्रीफ्यूजमधून बल्ब काढला तर वरचं सिरम हळदीचं पाणी असावं तसं. नेहमी ते फिकट गवताच्या रंगाचं असतं. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन 11 च्या वर. फॉर्मवर 'चालू औषधे' या रकान्यात रेघ. मी बाहेर जाऊन विचारलं, "काही औषध घेतोस का?" नाही. "पावडर, काढा, जडीबुटी?" तर म्हणाला, "मॅडम, अश्वगंधा घेतो दोन महिने, पण ते काय औषध आहे का?" मी ते रिपोर्टबरोबर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना पाठवलं. बाकीची कारणं तपासून झाल्यावर त्याच्या डॉक्टरांनी तेच कारण धरलं. तो बरा झाला, पण रंग उतरायला तीन महिने लागले. आणि हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या मी, वर्षभरातच, फॉर्मवरचा माझा स्वतःचा रकाना मनातल्या मनात रिकामाच ठेवला होता.

त्याचा प्रकार जगात नोंदलेल्या प्रकारांशी जुळतो. 2020 मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतले मिळून पाच रुग्ण एका शोधनिबंधात आले: कॅप्सूल सुरू केल्यावर 2 ते 12 आठवड्यांत कावीळ आणि अंगाला खाज, बंद केल्यावर 1 ते 5 महिन्यांत यकृत पूर्वपदावर. 2023 मध्ये आपल्याकडच्या डॉक्टरांनी फक्त अश्वगंधा घेतलेल्या आठ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. त्यातल्या पाच जणांना आधीच यकृताचा जुना आजार होता, आणि त्यातले तिघे वाचले नाहीत. त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदीच घातली. बंदी मला पटत नाही. लाखो लोक घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही. पण यकृताचं दुखणं असलेल्या माणसाने या डबीला हात लावू नये, हे मी कुणालाही हात जोडून सांगेन. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, कारण नसताना खाज, यातलं काहीही दिसलं तर कॅप्सूल त्याच क्षणी बंद आणि एलएफटी. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या, साखरेची किंवा रक्तदाबाची औषधं, अवयव प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तरी आधी डॉक्टर. गरोदरपणात अजिबात नाही.

कोविडच्या काळात गुळवेलीचंही असंच झालं होतं, आठवत असेल. घरोघरी काढे उकळत होते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल, वनस्पतीची ओळख आधी पटवा, असं त्यांचं म्हणणं होतं. बाजूला राहून पाहणाऱ्या मला दोन्हींतून एकच गोष्ट दिसली: आपल्या पोटात नेमकं काय जातंय हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं. अश्वगंधेतही तोच प्रश्न आहे. परंपरेत वापर मुळाचा. पण पाल्यातही विथॅनोलाइड्स असतात, विथाफेरिन-ए नावाचं तीव्र द्रव्य तर पानांत जास्त, आणि पाला स्वस्त पडतो. 2021 मध्येच आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. म्हणून डबी घेणारच असाल तर 'मूळ' हा शब्द लेबलवर शोधा. नुसतं 'अश्वगंधा अर्क' लिहिलं असेल तर ठेवून द्या.

या सगळ्यानंतरही माझ्या घरात आज अश्वगंधा आहे. ती अण्णांसाठी, माझ्या सासऱ्यांसाठी. वय 76. ऑक्टोबरात चिकनगुनिया झाला, ताप गेला पण माणूस निम्मा झाला. भूक नाही, पायांत बळ नाही, आणि बायको गेल्याचं दुःख वेगळंच. आमच्या ओळखीच्या वैद्यांकडे नेलं. त्यांनी पाऊण तास दिला. जीभ, नाडी, झोप, पोट, चालू असलेली गोळ्यांची पिशवी, सगळं पाहिलं. थायरॉइड आहे का, कावीळ कधी झाली होती का, दारू घेता का, हे तीनही प्रश्न त्यांनी मी न सांगता विचारले. मग लिहून दिलं: अश्वगंधा चूर्ण 3 ग्रॅम, क्षीरपाक करून, म्हणजे दूध-पाण्यात आटवून, रात्री. शास्त्रात चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम आहे. त्यांनी खालच्या टोकापासून सुरू केलं.

मुळं नाशकातल्या भद्रकालीजवळच्या एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणली आणि या दुकानाला माझ्याकडून पूर्ण गुण. आत शिरलं की वेखंड, नागरमोथा, बेहडा यांचा एकवटलेला कोरडा वास. मालक साठीचे. मी चूर्ण मागितलं तर म्हणाले, "तयार चूर्ण आहे, पण ताई, मुळ्या बघून घ्या, इथेच दळून देतो." पोत्यातून मूठभर काढून कागदावर पसरल्या. बोटाएवढ्या, वरून मळकट पिवळसर, सरळ. एक मोडली. कट्ट आवाज, आतून पांढरीशुभ्र, पिठूळ. "ही बघा, वाकली नाही, मोडली. वाकते ती ओली किंवा जुनी. आणि आत काळपट असेल तर घेऊ नका." माल नीमचच्या बाजारातला. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसोर पट्ट्यात तिचं मोठं पीक आहे, नवा माल होळीच्या सुमारास येतो. 100 ग्रॅमचे 90 रुपये. पैसे घेण्याआधी त्यांनी विचारलं, "कुणासाठी? थायरॉइडची गोळी चालू आहे का त्यांना?" हा प्रश्न मला 549 रुपयांच्या डबीने विचारला नव्हता.

क्षीरपाक असा करते: एक भाग चूर्ण, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी. म्हणजे 3 ग्रॅमला साधारण 25 मिलिलिटर दूध आणि 100 मिलिलिटर पाणी; मी लॅबमधल्या सवयीने मापाच्या कपानेच मोजते. मंद आचेवर पाणी आटून दूध उरेपर्यंत. वीसेक मिनिटं लागतात, मधे हलवत राहावं लागतं, नाहीतर चूर्ण तळाशी बसून करपतं. शेवटी साय धरल्यासारखं दाटसर, बदामी रंगाचं दूध राहतं. चव कडवट. अण्णा खडीसाखर घालून घेतात आणि वाटी खाली ठेवताना दरवेळी म्हणतात, "तुझी सासू हे करायची मला, लग्नाच्या पहिल्या वर्षी."

चूर्ण आणि अर्क यातला फरक इथे हातात कळतो. माझ्या दोन कॅप्सूलमध्ये पाच टक्क्यांनी 30 मिलिग्रॅम विथॅनोलाइड्स. बहुतेक मुळांत त्यांचं प्रमाण एका टक्क्याच्याही खाली, म्हणजे 3 ग्रॅम चूर्णात सहसा त्याहून कमी, तेही मुळातल्या बाकी सगळ्या पिष्टासकट आणि दुधातून. म्हणून चूर्ण निर्धोक, असं मी म्हणत नाही. अण्णांचा एलएफटी आणि टीएसएच सुरू करण्याआधी केला, महिन्याने केला, दोन्ही वेळा व्यवस्थित. पण आजीचा आस्कंद आणि ही कॅप्सूल एकच आहे असं समजून मी चूक केली. आजी चमचाभर मूळ दुधात देत होती, थंडीचे दोन महिने, आणि समोर बसून पोराकडे पाहत होती.

कॅप्सूलला तारे द्यायचे तर: माल म्हणून चार, कारण जे लिहिलं होतं ते तिने केलं. लेबल म्हणून एक. ग्राहकसेवेला मी काही देत नाही. थायरॉइड ठीक, यकृत ठीक, दुसरं औषध नाही आणि झोप उडाली आहे, अशा माणसाने डॉक्टरांना किंवा चांगल्या वैद्यांना सांगून, मुळाचाच अर्क, दोन-अडीच महिन्यांपुरता घेतला तर मी अडवणार नाही. सुरू करण्याआधी एक टीएसएच आणि एक एलएफटी करून घ्या, आणि महिन्याने परत. आणि लॅबमध्ये फॉर्म भरताना 'चालू औषधे' या रकान्यात अश्वगंधा लिहा, गुळवेल लिहा, शतावरी लिहा, काढा लिहा. आम्ही ते वाचतो.

माझी झोप आता साडेपाच तासांवर आहे. काही रात्री अडीचला जाग येते. तेव्हा उठून अण्णांच्या खोलीत डोकावते, ते झोपलेले असतात, परत येऊन पडते. उरलेल्या 16 कॅप्सूल मी फेकल्या नाहीत. डबीवर पेनने 'थायरॉइडची गोळी असेल तर घेऊ नये' असं लिहून लॅबच्या काउंटरवर ठेवली आहे. लोक विचारतात, मग मी सांगते. अण्णांची तिसरी तपासणी येत्या सोमवारी आहे. सॅम्पल मीच घेणार.